धुऱ्यावरची टोपली

जीप दारात आली तेव्हा महादेवराव आधीच पुढच्या सीटवर बसले होते. अंगात लग्नाकार्याचा पांढरा सदरा, डोक्यावर धुतलेली टोपी आणि मांडीवर दोघांपुरत्या भाकरी बांधलेली पिशवी.

"चाल लवकर," ते ओरडले. "आज तुह्यी वरात हाये. नवरदेवच मांगं राह्यला तर कसं व्हईन?"

खुशालराव उंबऱ्यातच रेंगाळले. जोडा सापडत नाही म्हणाले, तर जोडा पायातच होता. पार्वताबाई आतून पाण्याची बाटली घेऊन आल्या. दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी नवऱ्याच्या हातात बाटली दिली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "माह्या डोळ्याचं नाव घेऊन बाग विकली तुमी. आता त्याच डोळ्यानं साफ दिसून राह्यलं मले. काय बोलता तठी, ते पाहून बोलजा."

खुशालराव मागच्या सीटवर चढले.

अमरावतीत सरकारनं बैठक ठेवली होती. संत्रा परदेशात कसा जावा, इकडे फळांच्या कारखान्यांत बाहेरचा पैसा कसा यावा, धोरणात काय बदल करावा, असं सगळं तिथं बोललं जाणार होतं. बागायतदारांतून कोणी तरी बोलावं म्हणून गावोगावची नावं मागवली होती, आणि परतवाड्याजवळच्या या लहानशा गावातून खुशालरावांचं नाव गेलं होतं. कारण सरळ होतं. यंदा गावात बाग, म्हणजे झाडावरची फळं, धड विकली गेली ती एकट्या खुशालरावांची. बाकीच्यांची फळं झाडाखाली सडली.

त्यातली सगळ्यात जास्त महादेवरावांची.

"मी काहून येऊन राह्यलो, माईत हाये का तुले?" जीप रस्त्याला लागल्यावर महादेवराव मान वळवून म्हणाले. "जेसीबीवाल्याले उद्याचं सांगून ठेवलं हाये. झाडं काढाची का ठेवाची, ते आज ठरवतो. साहेब लोक काय म्हन्तात ते आयकतो, पन ते इंग्रजी बोलतीन, मले काय समजते? तू समजून घेजो. तू म्हनशीन ठेव, तं ठेवतो. तू म्हनशीन काढ, तं काढतो."

"मले कायले इचारतं रे?" खुशालराव खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"मंग कोनाले इचारू? गावात तुह्याइतकं बाजाराचं कोनाले कळते?"

अमरावतीच्या अलीकडचं वलगाव येईपर्यंत खुशालरावांची नजर बाहेरून हटली नाही. महादेवरावांना वाटलं, भाषण मनात घोळवत असेल.

गोष्ट आंबिया बहाराची. थंडी सरताना फुलतो आणि दिवाळीच्या मागेपुढे तोडीला येतो तो आंबिया. यंदा झाडं अशी लदली होती की फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले. पण भाव पडलेला. इकडचा संत्रा जातो बांगलादेशात, आणि त्यांनी आयात शुल्क वाढवून वाढवून असं करून ठेवलं होतं की ढाक्याच्या बाजारात आपला संत्रा सोन्याचा झाला आणि इथल्या बागेत मातीचा. आकोटचा व्यापारी गजेंद्र तोडणीची माणसं आणि ट्रक घेऊन गावात येऊन बसला होता, आणि सांगत होता तो भाव ऐकून लोकांच्या तोंडात शिव्या येत होत्या.

तेव्हा मारुतीच्या ओट्यावर सगळे बागवाले जमले होते. खुशालरावांची पुतणी भावना अमरावतीत एका निर्यातदाराकडे कागदपत्रांचं काम बघते. तिनं सांगितलं होतं की दोन्ही सरकारांची बोलणी चालू आहेत, शुल्क कमी होण्याची आशा आहे. खुशालरावांनी ते ओट्यावर सांगितलं आणि पुढे आपलं जोडलं, "कोनी इकू नका. फळ झाडावर हाये तवर आपलं हाये. एकदा का ट्रकात पडलं, का मंग त्याचं." लोकांनी मानलं. कोणी विकायचं नाही, असं ठरलं. सगळ्यात आधी हात वर केला महादेवरावांनी. बायको गेल्यापासून त्या माणसाला ती बाग सोडून दुसरं काही नव्हतं.

यात खुशालरावांची काही चूक नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. चूक पुढे झाली, आणि ती व्हायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

त्याच दिवशी दुपारी ते बागेत असताना भावनाचा फोन आला. पोरगी धापा टाकत बोलत होती. "काका, बोलणी फिसकटली. शुल्क कमी होत नाही, उलट वाढून राहिलं. आमच्या साहेबांनी आत्ताच सगळ्या गाड्या थांबवल्या. सांजच्याला बाजारात कळून जाईल. तुम्ही गावात सगळ्यांना सांगा, जे मिळतं त्या भावात देऊन टाका म्हणावं."

खुशालरावांनी फोन खिशात घातला. समोर धुरा होता. इकडे दोन वावरांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्यापलीकडे महादेवराव एका झुकलेल्या फांदीखाली टेकू लावत होते आणि त्या झाडाशी काहीतरी बोलत होते, त्यांना सवयच होती. एक हाक पुरली असती. खुशालरावांनी हाक मारायला तोंडही उघडलं.

मग त्यांच्या मनात आलं, सगळे एकदम धावत सुटले तर गजेंद्र काय खुळा आहे? त्याला वास लागेल आणि तो कोणाचीच बाग घेणार नाही. आधी एकाचा सौदा होऊ दे, मग हळूच महादेवाला सांगू, तो दुसरा. दिवस मावळायच्या आत दोघं मोकळे. हा विचार तेव्हा त्यांना चांगला चोख वाटला. पुढे त्यांनी तो कितीदा तरी मनाशी पुन्हा मांडून पाहिला. दर वेळी त्यात पहिला तो 'एक' आपणच का, महादेव का नाही, इथं येऊन तो अडायचा.

ओट्यावरचा शब्द मोडायचा तर कारण हवं. पार्वताबाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू होता, हे खरं होतं. डॉक्टर सावकाश करू म्हणाले होते, हेही खरं होतं. खुशालरावांनी पहिलं सांगितलं आणि दुसरं सांगितलं नाही.

गजेंद्रची माणसं रिकामी बसलेलीच होती. लगेच तोड सुरू झाली. आणि सगळ्यात आधी मदतीला धावून आले ते महादेवराव. स्वतःचे क्रेट डोक्यावर घेऊन धुरा ओलांडून आले. "पहिले वहिनीचा डोळा, मंग बाजार," म्हणाले. "कोनी काई म्हनन तं मी पाहून घेतो." घामानं चिंब होईस्तोवर त्यांनी क्रेट भरले, ट्रकावर चढून दोर आवळला.

पण त्या दिवशी एक गोष्ट झाली नाही. या गावात रीत अशी की बाग तुटायला लागली की पहिली टोपली घरी जात नाही, बाजारातही जात नाही. ती मालकानं स्वतः उचलायची आणि धुऱ्यावर उभं राहून शेजाऱ्याच्या हाती द्यायची. आणि देताना सांगायचं: कोणाला विकली, काय भावानं विकली, बाजाराची काय खबर कानावर आली. व्यापाऱ्यानं एका धुऱ्याला एक आणि दुसऱ्या धुऱ्याला दुसरं सांगू नये म्हणून कोण्या शहाण्या म्हाताऱ्यानं ही रीत घालून दिली असेल. एरवी माणसं हवं तेवढं खोटं बोलतात, पण टोपली हातात असताना कोणी बोलत नाही.

तोडणाऱ्यांनी सवयीनं पहिली टोपली भरली आणि खुशालरावांच्या पायाशी आणून ठेवली. वरच्या फळांना हिरवी पानं होती. खुशालरावांनी इकडेतिकडे पाहिलं. महादेवराव ट्रकाकडे तोंड करून पाठमोरे होते. खुशालरावांनी टोपली उचलली आणि एका क्रेटमध्ये रिकामी केली.

ट्रक गेला. गजेंद्र गावाबाहेर पडतो न पडतो तोच त्याला फोन आला असावा, कारण तो परत फिरलाच नाही. माणसं टेम्पोत बसून निघून गेली. दिवेलागणीला खुशालराव महादेवरावांकडे गेले तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचली होती. महादेवराव ओसरीत बसले होते. म्हणाले, "आयकलं का? बोंबललं सारं. पन तू सुटला, लेका. वहिनीच्या डोळ्यानं वाचवलं तुले. चाल, एक तरी सुटला."

तेव्हाही सांगता आलं असतं. खुशालरावांनी पाणी मागितलं, प्यायले आणि घरी आले.

मग गळ सुरू झाली. पिकलेलं फळ झाड किती दिवस धरील? रोज सकाळी महादेवरावांच्या बागेत केशरी सडा पडलेला असायचा. आधी गोड वास यायचा, मग आंबूस, मग नुसत्या माश्या. रस काढणाऱ्या एकानं थोडा माल उचलला, तोही उपकार केल्यासारखा. खुशालराव त्या दिवसांत बागेत जाताना लांबचा रस्ता धरायचे. आणि महादेवराव? ते पार्वताबाईंना डोळ्याच्या तपासणीला अमरावतीला नेऊन आणायचे, एकदा नाही, दर वेळी. खुशालराव नको म्हणाले की ते आणखीच हट्टाला पेटायचे.

बैठकीचा हॉल थंडगार होता. महादेवरावांनी खुर्चीवरची पाण्याची छोटी बाटली उचलून पाहिली. "आपल्याच विहिरीचं वाटते," म्हणाले आणि ती भाकरीच्या पिशवीत टाकली.

पडद्यावर नकाशे आले. नीलम मॅडम नावाच्या तरुण अधिकारी बाई चांगल्या, पुस्तकी मराठीत बोलत होत्या. एकाच देशावर विसंबून राहू नये. नवे करार होत आहेत, आखातात जाता येईल, आणखी पुढेही जाता येईल. त्यासाठी फळाला मेणाचा थर हवा, शीतगृह हवं, कारखाने हवेत, आणि त्यात गुंतवणूक करणाऱ्यांना सवलती मिळतील. बाई मनापासून बोलत होत्या. त्यात खोटं काही नव्हतं. पण कधी, हे कोणी विचारलं तर त्या 'प्रक्रिया सुरू आहे' म्हणायच्या.

"काय म्हन्ते?" महादेवराव दर थोड्या वेळानं कानात विचारायचे.

"कारखाना व्हईन म्हन्ते."

"मंग ठेवू का झाडं?"

खुशालराव पडद्याकडे बघत राहिले.

मग नीलम मॅडमनी त्यांचं नाव पुकारलं. "आता आपण अशा बागायतदाराला ऐकू या, ज्यांनी बाजार ओळखला. शुल्क वाढलं त्याच दिवशी, बातमी बाजारात यायच्या आत, यांनी आपला माल विकला होता. असा जागरूक शेतकरी गावोगावी हवा. या, खुशालराव काका."

टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात महादेवराव वाजवत होते.

खुशालराव माईकसमोर उभे राहिले. चार चांगल्या गोष्टी बोलायच्या, हात जोडायचे आणि खाली यायचं, एवढंच होतं. त्यांनी तसं पाठही केलं होतं. समोर पांढऱ्या टोपीखालचा तो चेहरा वर बघत होता, आणि त्या चेहऱ्यावर अशी खात्री होती की हा माणूस आता जे बोलेल त्यावर उद्या माझी झाडं राहतील नाही तर जातील. खुशालरावांना वाटलं, आपण पुन्हा मारुतीच्या ओट्यावर उभे आहोत.

"मॅडम, मी बाजारबिजार काई ओयखला नाई," ते म्हणाले. "मले फोन आलता. सांगनाऱ्या पोरीनं सांगतलं, गावात साऱ्यायले सांगा. म्या नाई सांगतलं. गाव माह्याच शब्दावर थांबलं होतं, अन् मी बायकोच्या डोळ्याचं नाव सांगून माही बाग इकून मोकळा झालो. माह्या धुऱ्यावरचा मानूस माहे क्रेट भरून राह्यला होता, त्याले बी नाई सांगतलं. त्याची बाग सडली. तो इथंच बसून हाये."

खुशालरावांना वाटलं, आता कोणी तरी उठून छी-थू करील. करावी, असंच त्यांना वाटत होतं.

पण नीलम मॅडमनी मान हलवली आणि वहीत काही लिहून घेतलं. "किती महत्त्वाचा मुद्दा काकांनी प्रामाणिकपणे मांडला," त्या म्हणाल्या. "शुल्कातल्या बदलाची माहिती शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत त्याच क्षणी पोचली पाहिजे. आपल्या शिफारशींत हे वरच्या क्रमांकावर घेऊ." आणि पुन्हा टाळ्या. मघापेक्षा जास्त. कोणी तरी शाल आणली. खुशालराव नको नको म्हणत असताना ती त्यांच्या खांद्यावर पडली, नारळ हातात आला, फोटो निघाला.

त्यांनी समोर पाहिलं. महादेवरावांची खुर्ची रिकामी होती.

महादेवराव जीपमध्ये बसलेले सापडले. पुढच्या नाही, मागच्या सीटवर. भाकरीची पिशवी तशीच बांधलेली. खुशालराव त्यांच्या बाजूला चढून बसले. ड्रायव्हरनं आरशातून दोघांकडे पाहिलं आणि गाणं लावायला उचललेला हात परत घेतला.

बरंच अंतर गेल्यावर महादेवरावच बोलले.

"टोपली रिकामी करताना पाह्यलं होतं म्या तुले."

खुशालरावांनी डोळे मिटले.

"ट्रकाच्या आरशात दिसलं. मनात आलं, यानं टोपली काहून देल्ली नाई? याच्या पोटात कायतरी हाये. मंग मीच माह्या मनाले शिव्या देल्या. म्हनलं, महाद्या, लाज वाटत नाई का तुले? त्याच्या बायकोचा डोळा जाऊन राह्यला अन् तू त्याच्यावर शक घेतं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "ते पाप लागलं म्हनून मी वहिनीले दवाखान्यात नेत होतो. हरेक खेपेले वाटे, एक दिवस तुह्यापाशी माफी मांगावं. तुह्यापाशी, समजलं का? मी."

खुशालरावांच्या खांद्यावरची शाल टोचायला लागली. त्यांनी ती काढून पायाशी ठेवली. सडलेल्या बागेचं ओझं ते इतके दिवस वागवत होते आणि त्यांना वाटत होतं की ते तेवढंच आहे. आपल्या खोट्याचं प्रायश्चित्त दुसराच माणूस घेत होता, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"महादेवा..."

"चूप राह्य." थोड्या वेळानं तेच म्हणाले, "झाडं ठेवू का काढू?"

"आता बी मलेच इचारतं?"

"तुलेच इचारतो. साऱ्यायसमोर बोलून बसला ना? आता माह्यापाशी खोटं बोलाची तुह्यी सोयच नाई राह्यली. सांग."

खुशालरावांनी पायाशी पडलेल्या शालीकडे पाहिलं. मग म्हणाले, "गावात जाऊन सांगतो. धुऱ्यावर."

गावात पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. खुशालरावांच्या बागेत कडेच्या चार झाडांवर मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुलून उन्हाळ्याच्या तोंडावर तोडीला येणाऱ्या बहाराची, थोडी फळं उरलेली होती. ती अजून तुटायची होती. त्यांनी टोपली घेतली, एकेक फळ देठासकट कापलं, वर पानं घातली आणि धुऱ्यापाशी आले. महादेवराव पलीकडे उभे होते. त्यांच्या मागे त्यांची झाडं, खाली अजूनही वाळक्या, काळ्या पडलेल्या सालींचा थर.

खुशालरावांनी टोपली दोन्ही हातांनी पुढे केली.

"भाव सांग," महादेवराव म्हणाले. टोपलीला त्यांनी हात लावला नाही.

खुशालरावांनी सांगितला. मृगाचा आजचा भाव, कोण घेतो, किती कापतो. मग आंबियाचा सांगितला, त्या दुपारचा, भावनाचा फोन कधी आला आणि ती काय म्हणाली होती ते शब्दाशब्दानं. हात भरून आले होते, पण टोपली खाली ठेवता येत नव्हती.

"अन् खबर?"

"कारखान्याची जागाबी ठरली नाई अजून. खाली उतरल्यावर मॅडमले इचारलं म्या. दोन-तीन वर्स तं कुठंच नाई गेले, म्हने. आखाताले आपला मोठ्या बियाचा संत्रा चालन का नाई, त्यायलेच माईत नाई. बांगलादेश शुल्क कमी करन का वाढवन, कोनालेच माईत नाई." ते थांबले. "मले बी माईत नाई, महादेवा. ठेव म्हनाची हिंमत नाई होत, अन् काढ म्हनाले जीभ उचलत नाई. ओट्यावर बी हेच म्हनाले पाह्यजे होतं म्या."

महादेवरावांनी मान हलवली, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी.

"खबर घेतली," ते म्हणाले. "फळं राहू दे."

आणि वळून झाडांमधून चालत गेले.

खुशालरावांनी टोपली धुऱ्यावर ठेवली. ती घरी नेता येत नव्हती, आणि पलीकडे जाऊन ठेवायचा त्यांना हक्क राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जेसीबीचा आवाज सुरू झाला. पार्वताबाई अंगणातून म्हणाल्या, "जा न तठी. इथं बसून काय करता?" खुशालराव दुपारपर्यंत गेले नाहीत. आवाज बंद झाला तेव्हा गेले, या वेळी लांबच्या रस्त्यानं नाही, सरळ.

महादेवरावांची बाग आडवी झाली होती. मुळं वर, हिरवी पानं मातीत. मशीन निघून गेलं होतं. धुऱ्याला लागून असलेली झाडांची एक ओळ तेवढी उभी होती. मशीनला तिथं वळायला जागा नव्हती म्हणून ती राहिली, की कोणी राहू द्या म्हणालं, हे कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायची खुशालरावांची छाती झाली नाही.

टोपली जिथं ठेवली तिथंच होती. फळं सगळी होती. वरची पानं मात्र सुकून गेली होती.